नाव सांगा, मगच हात लावीन

होसियात मावशीला आमच्या गावात कोणी चहा विचारत नसे. ती आली की दारातच बोलायचं, काम सांगायचं आणि ती गेली की उंबऱ्यावर पाणी मारायचं, अशी रीत. कारण ती मुर्दाशूय, म्हणजे मेलेल्या बायकांना शेवटची आंघोळ घालणारी. तिची आई हेच करायची, आजीही हेच करायची, आणि सुनासुद्धा याच कामाच्या घरांतून आणायच्या. जिच्या हातांशिवाय आमच्यातली एकही बाई मातीत जाऊ शकत नाही, तिच्या हातची नान मात्र आम्हाला चालत नाही! हे लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो, आणि उंबऱ्यावर मीही पाणी मारत होते हे आठवलं की जास्तच.

ती बिचारी वगैरे मुळीच नव्हती. हाडापेरानं मजबूत, डोक्याला घट्ट बांधलेला रुमाल आणि तोंडाला कसली म्हणून भीड नाही. खाटकाची बायको सकाळी सकाळी ती समोर आली की अपशकुन झाल्यासारखं तोंड फिरवायची. एकदा मावशी तिच्यापुढेच उभी राहिली. म्हणाली, "फिरव, फिरव. आत्ताच फिरवायची सवय करून घे, बाई. नंतर मक्केकडे मलाच फिरवावं लागणार आहे ते." खाटकाची बायको आठवडाभर घराबाहेर पडली नाही.

लग्नकार्यात तिचं जेवण फाटकाबाहेर फडक्यात बांधून द्यायचे. ती तिथंच रस्त्यावर फडकं सोडून आतला पुलाव बघायची. "एवढाच तुकडा?" असं मोठ्यानं विचारायची. "तुझ्या सासूला मी दोनदा साबण लावला होता, माहीत आहे ना?" मग आतून आणखी मांस यायचं. लोक हसायचे आणि घाबरायचेही. मयताच्या घरून तिला मिळायचे ते मेलेल्या बाईच्या अंगावरचे कपडे, तिची रजई आणि उरलेला साबण. तिच्या घरातली प्रत्येक चादर, प्रत्येक झगा कोणा ना कोणाच्या मरणाचा होता. ती त्याला नावं द्यायची. "ही शिक्षिकाबाईंची उशी, हा पोस्टातल्या बाईंचा कोट," असं अगदी प्रेमानं सांगायची.

नवरा कधीच गेला होता. मुलगा नजरअली रशियात इमारतींच्या कामावर. घरात ती आणि सून सावरी, दोघीच. सावरी बावीस वर्षांची, बोलायला लाजरी, कामाला चपळ. मावशी आंघोळ घालायची आणि सावरी तांब्याच्या झारीनं पाणी ओतायची. हे काम एकटीनं होत नाही. एकीचे हात अंगावर लागतात, दुसरीचे पाण्यावर. त्या वसंतात सावरीला सातवा महिना लागला होता.

आता माझं सांगते, कारण माझ्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. मी मुकद्दस, आमच्या तालुक्याच्या इस्पितळात कारकून. माझ्या खिडकीत मरणाचे दाखले मिळतात. डॉक्टर कारण सांगणार, मी सुवाच्य अक्षरात लिहिणार, शिक्का मारणार. शाळेत असल्यापासून माझ्या अक्षराचं सगळ्यांना कौतुक.

रोगाची पहिली चर्चा आमच्याकडे नानवाल्या शरोफतच्या तंदूरपुढे झाली. नान निघेपर्यंत बायका बाकावर बसतात आणि निवृत्त बसड्रायव्हर सफर काका एकटे पुरुष असूनही मध्ये बसतात, कारण त्यांना बातम्या लागतात.

"चीनवाल्यांचा रोग आहे तो," सफर काका म्हणाले. "काहीबाही खातात. आपण मेंढीची चरबी खातो. चरबीवरून तो घसरून जातो."

"तुमच्यावरून तर रेल्वेसुद्धा घसरेल," शरोफत म्हणाली. तिचं अर्धं अंग तंदूरमध्ये वाकलेलं होतं.

"हसू नका गं. माझ्या जावेच्या फोनवर आलंय," कोणीतरी म्हणालं. "डोंगरात एक बाळ जन्मलं आणि जन्मल्या जन्मल्या बोललं. सूर्य उगवायच्या आत बिनसाखरेचा हिरवा चहा प्या म्हणालं. आणि गेलं."

"चहाच सांगायचा होता तर जरा थांबून प्यायचं तरी."

"सारं गाव पितंय आता. दुकानातला चहा संपला."

"आणि इस्पंदच्या बियांची धुरी. आमच्याकडे तर कोंबड्यांनासुद्धा देतेय मी."

होसियात मावशी बाकापासून दहा पावलांवर, कालव्याच्या काठावर बसली होती. तिची नान शरोफत फळीवर ठेवून पुढे सरकवायची. तिथूनच ती म्हणाली, "मुकद्दस, तू इस्पितळात असतेस. तुमच्याकडे काय म्हणतात?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "रेडिओवर सांगतात तेच. आपल्याकडे नाहीये."

त्या दिवशी ते खरंच होतं, निदान मला तरी तसं वाटत होतं. वसंतातला नव्या वर्षाचा सण, नवरोज झाला. चौकात मोठ्या कढईत रात्रभर गव्हाच्या अंकुरांचा गोड सुमलक ढवळला, साऱ्या बायकांनी एकाच लांब पळीला हात लावले आणि एकमेकींच्या वाट्यांत चाखला. आठ-दहा दिवसांनी इस्पितळात छातीचे फोटो यायला लागले. दोन्ही फुप्फुसं पांढरी. डॉक्टर नोसिर ते उजेडात धरायचे, पुन्हा पाकिटात घालायचे आणि दार लावून फोन करायचे. एके दिवशी माझ्या खिडकीशी आले. "मुकद्दस, दाखल्यांवर तो शब्द येता कामा नये. वरून आलंय. हृदय लिहायचं, मूत्रपिंड लिहायचं, वय झालं होतं लिहायचं."

"आणि खरं कारण?"

"खरं कारण लिहिलंस तर उद्या या खिडकीत दुसरी बाई बसेल."

मी लिहिलं. भूगोल शिकवणाऱ्या गुलचेहरा बाई गेल्या, मी हृदय लिहिलं. त्यांच्या अंगावरचा निळा मखमली झगा रिवाजाप्रमाणे मावशीकडे गेला. मखमल जाड, उबदार, आणि सावरीकडे पोटावर बसेल असा एकही कपडा नव्हता. तिनं झगा दोन्ही बाजूंनी उसवून रुंद केला आणि घातला. मी तिला तो घालून कालव्यावर पाणी भरताना पाहिलं. मला माहीत होतं गुलचेहरा बाई कशानं गेल्या. मी तिला "छान दिसतोय" म्हणाले आणि पुढे गेले.

आता सांगा, राग कोणाचा धरायचा? फोनवर आज्ञा देणाऱ्यांचा धरते, डॉक्टरांचा धरते. पण त्या लोकांनी सावरीला तो झगा घातलेला पाहिला नव्हता. मी पाहिला होता.

मावशीला आम्ही मूर्ख समजत होतो. ती काही मूर्ख नव्हती. तिला एरवी महिन्याला दोन-तीन बोलावणी यायची. एप्रिलमध्ये एकेका दिवसात दोन यायला लागली. ती खिडकीशी आली. "मुकद्दस, एवढ्या बायकांची हृदयं एकदम कशी गं बिघडली?"

"म्हाताऱ्या होत्या, मावशी."

"गुलचेहरा चव्वेचाळीसची होती. तिच्या लेकीनंच तिचं वय माझ्या सुनेला सांगितलंय, तू मला काय सांगतेस?" तिनं माझ्याकडे टक लावून पाहिलं. गावात गमतीनं म्हणायचे की होसियात अशी बघते ती कफनाचं माप घेते. मला त्या दिवशी गंमत वाटली नाही.

मग ओयशाबीबी गेल्या. तालुक्याचे प्रमुख कुर्बोनअली साहेब, त्यांची आई. सकाळी इस्पितळात प्राण गेला. तासाभरात घराचं अंगण माणसांनी भरलं. बाहेर पुरुष दुखवट्याचे रेशमी पट्टे कमरेला बांधून रांगेत उभे, आत बायकांचा आक्रोश, परसात कढई चढवलेली. जमू नका असं कोणीच सांगितलं नव्हतं, कारण रोग नव्हताच ना! दफनासाठी दाखला लागतो म्हणून मी तो घेऊन गेले होते. त्यावर माझ्याच अक्षरात हृदय होतं. डॉक्टर नोसिरही आले होते. तोंडावर मास्क, हातात दुहेरी हातमोजे आणि निरभ्र उन्हात अंगावर पावसाळी कोट.

होसियात मावशी आली. मागे सावरी, तोच निळा झगा, हातात झारी. दोघी आतल्या खोलीत गेल्या. मावशीनं मयतावरची चादर उचलली, पाहिलं, पुन्हा घातली आणि सरळ ओसरीवर आली. बायका रडायच्या थांबल्या.

"डॉक्टर, हिला काय झालं होतं?"

"हृदय," डॉक्टर लांबूनच म्हणाले. "वय झालं होतं. लवकर उरक, होसियात."

तिच्याहून पंचवीस वर्षांनी लहान माणूस तिला "उरक" म्हणत होता. आमच्याकडे अनोळखी म्हातारीलाही कोणी असं बोलत नाही. मुर्दाशूयला बोलतात.

"हृदयानं गेलेल्यांना मी चाळीस वर्षं आंघोळ घालतेय," मावशी म्हणाली. "त्या अशा नसतात. या महिन्यातली ही चौदावी. चौदाही जणी सारख्याच. हे काय आहे त्याचं नाव सांगा, मगच हात लावीन."

अंगणात कुजबुज झाली. कुर्बोनअली साहेब पुढे आले. त्यांचे डोळे रडून सुजले होते, ते मी नाकारत नाही. म्हणाले, "मावशी, दोन मेंढ्या देतो. आईला ताटकळत ठेवू नका."

"मेंढ्या तुमच्याकडेच राहू द्या, साहेब. मला नाव हवंय."

मुल्लासाहेब पुरुषांतून ओरडले, "मयताला असं थांबवणं पाप आहे, होसियात!"

"पाप माझ्या नावावर लिहा. पण आधी ऐका. मी काम करणार नाही असं कुठं म्हणाले? ही माझी सून. सातवा महिना आहे तिला. पाणी तीच ओतते. रोग असेल तर तिला घरी पाठवते आणि जमेल तसं एकटी करते. मला तेवढंच ठरवायचंय. एक शब्द मागतेय मी, त्याला काय पैसे पडतात?"

मी बायकांत उभी होते, दाखला ओढणीखाली धरून. तो शब्द माझ्या जिभेवर होता. मला वाटलं, डॉक्टर सांगतील. एवढं पोट दिसतंय, आता तरी सांगतील.

"हृदयच होतं," डॉक्टर म्हणाले.

"बरं," मावशी पायरी उतरून त्यांच्याकडे चालू लागली. "मग तो तोंडावरचा पडदा काढा. हातमोजे काढा. माझ्या सुनेला द्या. हृदयाला काय करायचेत ते?"

डॉक्टरांचा हात वर गेला. आम्हा सगळ्यांना वाटलं मास्क काढतायत. त्यांनी तो नाकावर आणखी घट्ट दाबला आणि दोन पावलं मागे सरले.

बस्स. शब्द कोणी उच्चारला नाही. पण ती दोन पावलं साऱ्या अंगणानं पाहिली. आधी फाटकाजवळचे सटकले, मग रांग मोडली, मग चपला शोधायची झुंबड. शरोफत माझ्या अंगावरून धावत गेली. सफर काका, ज्यांच्यावरून रोग घसरणार होता, ते कालव्यापलीकडे पोचलेसुद्धा. हुंदके देणाऱ्या बायकांचे हुंदके वाटेतच बंद झाले. परसातली कढई जळायला लागली तरी आचारी परत आला नाही.

मावशी सुनेकडे वळली. "झारी ठेव. घरी जा. हा झगा काढ आणि चुलीत घाल. सगळ्या रजया अंगणात काढ, घरात झोपू नकोस."

"आणि तुम्ही?" सावरीनं विचारलं.

"मला काय धाड भरलीय? जा म्हणते ना."

सावरी गेली. जाताना दारात थांबून दोनदा खोकली. मावशीनं ते ऐकलं. तिचा चेहरा तेव्हा कसा झाला ते सांगता येत नाही मला.

मग तिनं उरलेल्यांना विचारलं, "पाणी कोण ओततंय?" ओयशाबीबींच्या चार सुना भिंतीला टेकून उभ्या होत्या. चारही जणींनी खाली पाहिलं. ज्या सासूच्या हातचं सोनं चौघींच्या अंगावर होतं, तिच्यासाठी एक झारी उचलवेना. मी दाखला कोनाड्यात ठेवला, तोंडाला रुमाल गुंडाळला आणि झारी उचलली. हे मी मोठेपणासाठी सांगत नाहीये. पुढचं ऐकल्यावर कोणी मला मोठं म्हणणारही नाही.

आत मावशीचे हात हळूहळू चालत होते. केस, खांदे, बोटांच्या पेरांमधली जागा. आई लेकराला घालते तशी आंघोळ. मान वर न करता तिनं विचारलं, "तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"नवरोज झाल्यावर आठ-दहा दिवसांनी."

तिनं ओयशाबीबींचा दुसरा हात धुवायला घेतला. मग म्हणाली, "सावकाश ओत. शिंतोडे उडतायत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मोहल्ल्यातल्या कर्त्या पुरुषांनी मावशीच्या बोळाला दोरी बांधली. रोग म्हणे तिनंच पसरवला. चौदा घरांत तीच तर गेली होती! कालच्या अंगणातून पळालेली माणसंच दोरीला गाठी मारत होती. दोरीवर शरोफतनं लाल चिंधी लावली आणि वर म्हणाली, "आम्हाला आधी सांगितलं नाही तिनं." माझ्या तोंडाला फेस येईपर्यंत मी भांडले. शरोफत म्हणाली, "तू गप्प बस, तूही तिथं होतीस." आणि माझी नानसुद्धा फळीवरून पुढे सरकवली.

आठवड्यानं रेडिओनं सांगितलं की रोग आपल्याकडेही आलाय. शहरात वेगळा वॉर्ड उघडला, तिथं प्राणवायू होता. त्याच दिवशी दुपारी मावशी माझ्या खिडकीशी आली. दोरी ओलांडून, चार कोस चालून आल्यासारखी धापा टाकत. सावरीला सकाळी कोणाच्या तरी गाडीतून शहरात नेलं होतं. फाटकावरच्या माणसानं विचारलं, हिचा कोणा रोग्याशी संबंध आला होता का? तसा तालुक्याचा कागद आणा. जागा थोडी आहे, कागदाशिवाय आत नाही.

"ओयशाबीबींना तो होता, एवढं लिहून दे," ती म्हणाली. "बाकी काही नको. पोरगी बाहेर पायरीवर बसलीय. श्वास लागलाय तिला."

"मावशी, दाखल्यावर हृदय आहे."

"दाखल्यावर काय आहे ते तूच लिहिलंस. पाणीही तूच ओतलंस. तुझ्या हाताला काय लागलं होतं, हृदय?"

मी म्हटलं, "डॉक्टरांची सही लागेल. ते आज बैठकीला गेलेत. उद्या या."

शिक्का माझ्या खणात होता. कोरे कागद माझ्यासमोर होते. कोणी पाहत नव्हतं. माझ्या डोक्यात तेव्हा माझी नोकरी होती, माझ्या मुलाची फी होती, आणि उद्या डॉक्टर नक्की सही करतील असं मी स्वतःलाच पटवत होते. मावशी ओरडली असती तर कदाचित मी लिहिलं असतं. ती ओरडली नाही. तिनं खिडकीच्या कडेवरचा हात उचलला आणि निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशी सावरीच्या मरणाचा कागद आला. वय बावीस. पोटातल्या बाळाचा वेगळा कागद होत नाही, तसा नियम आहे. डॉक्टर नोसिर म्हणाले, "मूत्रपिंड लिही. गरोदरपणात होतं तसं." रेडिओवर जाहीर झालं होतं, सगळ्यांना माहीत होतं, तरी मूत्रपिंड! सवय लागली की माणूस खोटं बोलायला कारणसुद्धा शोधत नाही.

मी खरं नाव लिहिलं. मोठ्या, स्पष्ट अक्षरात, आणि शिक्का मारला. संध्याकाळपर्यंत माझी नोकरी गेली. आता गावात लोक मला धाडसाची बाई म्हणतात. लग्नांत पुढे बसवतात. मला त्या शब्दाचा संताप येतो. ज्यांनी दोरी बांधली तेच तो वापरतात, आणि मी तो ऐकून घेते.

तो दाखला न्यायला मावशी स्वतः आली होती. सुनेला तिनं एकटीनंच आंघोळ घातली होती, कोणालाही आत घेतलं नव्हतं. मलाही नाही. खिडकीतून कागद तिच्या हातात दिला. तिनं तो उजेडाकडे धरून एकेक ओळ बोट फिरवत वाचली. त्या शब्दाशी बोट थांबलं. मला वाटलं, आता ती काहीतरी बोलेल आणि माझं मन थोडं हलकं होईल.

"अक्षर छान आहे तुझं," ती म्हणाली. "परवा मी कागद मागितला तेव्हाही छानच होतं."